टाकापुढचं रिकामं पाकीट

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो, न पटो.

आणि भुताचं काही घडायचं तर रात्रच हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकून ठेवावं. हे घडलं भर दुपारी. ऊन असं, की गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

साल २०१९. मे महिना, शुक्रवार, दुपारी तीनचा सुमार. गाव करमाड. जालना रोडवर, शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पुढं लागतं ते. छत्रपती संभाजीनगरला तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद म्हणायचे.

ज्या बाईवर हे बेतलं ती अंबिका. माझी मावसबहीण. तिनं हे सगळं मला एकदा नाही, तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. नवऱ्याला मात्र तिनं यातलं काहीच सांगितलेलं नाही.

अंबिका ही बिभीषणची दुसरी बायको.

पहिली रत्नमाला. २०१३च्या दुष्काळात ती काविळीनं गेली. पुढं दोन वर्षांनी अंबिका त्या घरात आली. मूळचं मेंढरामागं फिरणारं घराणं. चराईचं रान कारखान्यांत गेलं, मेंढरं विकली आणि त्याच रानावर उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात बिभीषण मशीनवर लागला. घरात माणसं तीन. बिभीषण, अंबिका आणि सासू म्हाळसाबाई.

अंबिकाला विचाराल तर ती म्हणेल, चार.

कारण या लोकांत एक रीत आहे. पहिली बायको वारली की तिचा चांदीचा टाक करतात. नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. तो देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी बसवतात. दुसरीनं कुठलीही नवी वस्तू आधी त्या टाकापुढं ठेवायची, हळदीकुंकू वाहायचं, घडीभर थांबायचं. मगच स्वतः वापरायची. लुगडं असो, बांगड्या असोत, नाहीतर केसांची साधी पिन असो.

"आधी तिचं, मंग तुझं," म्हाळसाबाई म्हणायची. "थोरली हाय ती. आपल्या देवालाबी दोघी हायेत, दोघींचा मान येगळा येगळा."

अंबिका मान डोलवायची आणि आतल्या आत जळायची.

चार वर्षांत एक वस्तू तिच्या अंगाला कोरी लागली नव्हती. सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. झिंज्या उपटता आल्या असत्या. चांदीच्या पत्र्याशी काय भांडणार?

त्यात बिभीषण. माणूस वाईट नव्हता. पण हाक मारताना मधूनच त्याच्या तोंडून "रत्ना" निघायचं. मग तो जीभ चावायचा आणि दिवसभर तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही.

आणि तो नंबर!

रत्नमालाचा मोबाइल नंबर बिभीषणनं बंद केलाच नव्हता. त्याच्या फोनमध्ये दोन सिमची सोय. वरच्या खाचेत त्याचं सिम, खालच्यात तिचं. दर महिन्याला आठवणीनं रिचार्ज मारायचा.

"बँकेला तोच नंबर जोडलेला हाय," तो सांगायचा. "ओटीपी त्याच्यावरच येतो."

असेलही. पण अंबिकाला ते सिम खुपायचं. नवऱ्याच्या खिशात, छातीपाशी, चोवीस तास दुसरी बाई. त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस होते. गाडीच्या पाटीवर सत्तेचाळीस दिसलं तरी तिचं डोकं भणभणायचं.

अशात एक चांगली गोष्ट घडली.

कारखान्यानं बिभीषणला दोन महिने थायलंडला पाठवलं, नवं मशीन शिकायला. त्यातले दहा दिवस बायकोला बोलवायची मुभा होती. पासपोर्ट आला, तिकीट आलं. अंबिकानं आयुष्यात पुणं सुद्धा पाहिलं नव्हतं, आणि ती आता थेट बँकॉकला निघाली होती.

तिला बँकॉकचं कौतुक नव्हतं. तिला दहा दिवसांचं कौतुक होतं. तिथं देव्हारा नाही, टाक नाही, सासू नाही. रत्नमालानं न पाहिलेला गाव, न पाहिलेलं घर. दहा दिवस नवरा फक्त तिचा. एवढंच हवं होतं तिला, आणि यात कुणाचं काय जात होतं?

रविवारचं विमान होतं, मुंबईहून. गुरुवारी ती सिम घ्यायला शहरात गेली.

बिभीषणनं फोनवर बजावलं होतं, "विमानतळावर उतरलीस की आधी मला फोन कर. भाषा कळायची नाय तुला. सिम इथूनच घेऊन ये."

क्रांती चौकात सांडूभाऊंचं मोबाइलचं दुकान आहे. त्यांनी तिला खुर्ची दिली, माठातलं अर्धा पेला पाणी दिलं. अर्धाच. त्या वर्षी शहरातही नळ आठवड्यातून एकदा यायचा.

"देखो वहिनी, तीन रस्ते आहेत," सांडूभाऊ म्हणाले. "एक, तुमच्याच नंबरावर रोमिंग घ्या. सोपं आहे, पण खिसा रिकामा होतो. दुसरा, तिथं उतरून घ्या. विमानतळावर काउंटर असतात, पासपोर्ट दाखवला की तेच टाकून देतात. सस्ता पडतं. पण लाईन लई, आणि बोलणार कोण?"

"तिसरा?"

"तिसरा इथूनच घ्या. तिथलंच प्रीपेड सिम, पंधरा दिवसांचं. नंबर आजच कळतो. घरवाल्याला आजच पाठवून द्या. टेन्शनच नाय."

तिनं तिसरा रस्ता घेतला. सांडूभाऊंनी पासपोर्टची झेरॉक्स घेतली, फोटो घेतला आणि काउंटरवर सहा-सात बंद पाकिटं पसरली. प्रत्येकावर वेगळा नंबर.

"घ्या, आवडीचा घ्या."

अंबिकानं एकेक पाकीट उचलून पाहिलं. एकाच्या शेवटी सत्तेचाळीस होतं. ते तिनं उलटं करून लांब सरकवलं. एकात सत्तेचाळीस मधे होतं, तेही नको. सांडूभाऊ बघतच राहिले. लग्नाचा मुहूर्त काढताना सुद्धा कुणी एवढा वेळ लावत नाही.

शेवटी तिनं एक निवडला. त्यात ना चार होता, ना सात.

"आता नीट ऐका," सांडूभाऊ म्हणाले. "हे सिम इथं चालणार नाय. इथं टाकलंत तर वरती फक्त फुली दिसेल. तिकडं उतरल्यावर फोन बंद करून चालू करा, आपोआप टॉवर पकडेल. तुमचं जुनं सिम दुसऱ्या खाचेत राहू द्या, पण त्याचं रोमिंग बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप विचारेल नंबर बदलायचा का, नको म्हणा. बस."

तिनं पाकिटावरचा नंबर तिथंच पाठ केला. फोटो काढून बिभीषणला पाठवला. खाली लिहिलं, हा माझा नंबर.

"माझा" हा शब्द तिनं दोनदा वाचला, आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा एकदा वाचला. दोन निळ्या खुणा आल्या होत्या. त्यानं नंबर पाहिला होता.

शुक्रवारी सकाळी टँकर आला. आठ दिवसांनी आलेला. अख्खी गल्ली ड्रम आणि पाइप घेऊन रस्त्यावर. ती झटापट उरकून, जेवणं होऊन, दुपारी म्हाळसाबाई खाटेवर आडवी झाली आणि पडल्या पडल्या म्हणाली,

"ते शीम का काय आणलंस ते ठिवलं का थोरलीम्होरं?"

अंबिका थबकली. "आत्याबाई, ती काय लुगडं हाय का? प्लास्टिकचा तुकडा तो."

"नवं हाय ना? मंग ठिव. आन सांग तिला, जाऊन येते म्हून. न सांगता जाऊ नगं बाई."

अंबिका वळली. आतल्या खोलीत गेली. पाकीट फोडलं.

पत्त्याएवढं पांढरं कार्ड, त्यात कडेला कोरलेलं चिमुकलं सिम. सांडूभाऊंनी दाखवलं होतं तसं तिनं अंगठ्यानं दाबलं. टक्. सिम सुटून हातात आलं. कार्डाला चौकोनी भोक पडलं. पिन टोचून तिनं फोनची खाच बाहेर काढली, सिम बसवलं आणि खाच आत ढकलली.

वरती फुली दिसली. सांडूभाऊ म्हणाले होते तशीच.

मग तिनं ते भोक पडलेलं कार्ड पाकिटात परत सरकवलं. तोंड दुमडलं. देव्हाऱ्यापाशी गेली. टाकापुढं ते रिकामं पाकीट ठेवलं आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली.

थोरलीला फसवलं तिनं. अगदी ठरवून फसवलं.

"बघ घे," ती हळूच म्हणाली. "तुझा मान. आता दहा दिवस इकडं फिरकू नगंस."

एवढं बोलून तिला फार बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा एक कोरी वस्तू तिची झाली होती. ती जागेवरच हसली.

आणि तेव्हा...

बाहेरचे सगळे आवाज थांबले.

पलीकडच्या घरात कुणीतरी ड्रम घासत होतं, ते थांबलं. हायवेवरच्या ट्रकांची घरघर थांबली. खाटेवर म्हाळसाबाई घोरत होती, तेही थांबलं. अंबिकानं वळून पाहिलं. म्हातारीची छाती वरखाली होत होती. तोंड उघडं होतं. पण आवाज नाही.

पंखासुद्धा फिरत होता. बिनआवाजाचा.

मग आतल्या खोलीतून एकच बारीक आवाज आला...

टक्.

कार्डातून सिम सुटताना झाला होता, तोच.

अंबिका आत धावली. फोन गादीवर जसा ठेवला होता तसाच होता. तिनं उचलला. वरती फुली नव्हती. नव्या सिमपुढं पाचही काड्या भरलेल्या होत्या. पूर्ण नेटवर्क. करमाडात. थायलंडच्या सिमला.

तिला वाटलं, सांडूभाऊंना काही कळत नाही. तिनं पिन घेतली आणि खाच बाहेर काढली.

जुनं सिम होतं.

नव्या सिमची जागा रिकामी होती.

गादी झटकली. चादर झटकली. स्वतःचा पदर झटकला. जमिनीवर गुडघे टेकून फरशी हातानं चाचपली. काही नाही. बाहेर पडताना खोलीचं दार तिनं स्वतः ओढून घेतलं होतं, आणि खिडकीला जाळी होती.

मग तिला पाकीट आठवलं.

ती देव्हाऱ्यापाशी गेली. पाकिटाचं दुमडलेलं तोंड उलगडलेलं होतं. तिनं दोन बोटांनी कार्ड बाहेर ओढलं...

कार्ड अखंड होतं.

भोक नव्हतं. सिम कार्डातच होतं. कोरलेल्या रेघा कोऱ्या, जणू कुणी अजून अंगठा लावलाच नव्हता. फक्त सिमच्या सोनेरी भागावर हळदीचं एक बोट उमटलं होतं. अंबिकानं बोटं टेकवली होती ती बाहेरून, पाकिटावर.

दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. अंबिकाला आधी भीती नाही वाटली. आधी राग आला. ती स्वतः सांगते हे. हेही हिनं घेतलं, एवढंच तिच्या मनात आलं.

"माझं हाय ते," ती टाकाकडे बघून म्हणाली. "माझ्या पासपोर्टवर घेतलंय."

आणि तिनं पुन्हा अंगठ्यानं सिम दाबलं.

ते सुटेना. दोन्ही अंगठे लावले. नख मोडलं, रक्त आलं, पण सिम कार्डातून हललं नाही. अंगात झरझर काहीतरी चढत गेलं, आधी पायातून, मग पाठीतून. तिनं देव्हाऱ्याची कड धरली. एवढंच तिला आठवतं.

संध्याकाळी म्हाळसाबाईनं तिला उठवलं तेव्हा ती तापानं फणफणली होती. देव्हाऱ्यापुढं पाकीट नव्हतं.

शनिवारी सकाळी मुंबईला न्यायला जीप दारात आली आणि तशीच परत गेली. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला. म्हणाला, ऊन लागलंय, आठवडाभर अंथरूण सोडायचं नाही. अंबिकानं पडल्या पडल्या बिभीषणला मेसेज केला. ताप आलाय, मला येणं जमत नाही.

एकच खूण उमटली. करडी. दुसरी आलीच नाही. त्याच्या दोन्ही नंबरांवर फोन लावून पाहिला, लागत नव्हता.

रविवार उजाडला. तिचं विमान तिच्याशिवाय गेलं. दिवसभर ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. दहा दिवस मागितले होते तिनं, आयुष्यभर नव्हे.

सोमवारी दुपारी म्हाळसाबाईचा साधा बटणांचा फोन वाजला. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती नेहमी स्पीकर लावून बोलायची.

"आई, मी बिभीषण!" आवाज खणखणीत होता. "काळजी करू नको. अंबिका पोचली बरं का!"

अंबिका खाटेवर ताडकन उठून बसली.

"काल उतरल्या उतरल्या फोन केला तिनं, नव्या नंबरवरून. मीच गेलो आणायला. लई खूश हाय. आता इथंच बसलीय माझ्यापाशी."

म्हाळसाबाईनं मान वळवली. खाटेवर बसलेल्या सुनेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

अंबिका ओरडायला गेली. घशातून नुसती हवा आली.

म्हातारी फोनमध्ये म्हणाली, "बरं बाबा. दोघं नीट ऱ्हा. तिला फिरीव जरा. कुठं गेली न्हाय बिचारी कधी."

फोन ठेवला आणि शांतपणे अंबिकाच्या अंगावर गोधडी ओढली.

"आत्याबाई!" अंबिकाला आता आवाज फुटला. "म्या इथं हाय! मंग तिथं कोन हाय?"

"तुला ठावं हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "रिकामं पाकीट ठिवलंस तिच्याम्होरं. म्या निजले नव्हते गं. येऊ दे तिला फिरून. धा दिवसांचा परश्न हाय."

"आन माझं?"

"तुझं सगळं आयुष्य पडलंय."

त्या दिवसापासून म्हातारीनं दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली. शेजारीण डोकावली की उंबऱ्यातूनच सांगायची, "सून गेली ना परदेसात." आत गोधडीखाली पडून अंबिका ते ऐकायची. घरात असून घरात नसणं म्हणजे काय ते तिला कळलं. टाकात बसलेल्या बाईला रोज हेच वाटत असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण दया आली नाही. खोटं कशाला बोलू, ती म्हणते, मला तिची दया आली नाही.

बुधवारी ताप जरा उतरला. म्हाळसाबाई चारा छावणीवर भावाला भाकरी द्यायला गेली होती. दुपारचीच वेळ. अंबिकानं फोन घेतला. एक नंबर तिला तोंडपाठ होता. ना चार, ना सात.

तिनं स्वतःचाच नवा नंबर लावला.

रिंग गेली. आपल्याकडची नव्हे, लांब सुराची, परदेशातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वाजता वाजता कुणीतरी उचलला...

मागं कुठंतरी पाणी पडत होतं. भरपूर पाणी. करमाडात पाच महिन्यांत कुणी ऐकला नव्हता असा, अंघोळीचा सोडलेला नळ.

"हां?" एक बाई म्हणाली. "ते न्हायला गेलेत. काय निरोप हाय का?"

अगदी घरच्यासारखं. कुठल्याही घरची बाई दुपारी फोन उचलून बोलते, तसं. अंबिकानं फोन कानाशी घट्ट दाबला.

पलीकडची बाई जरा थांबली. मग हळू आवाजात म्हणाली,

"ताप उतरला का गं, अंबिका?"

मागून बिभीषणची हाक ऐकू आली. "कुणाचा फोन हाय?"

"कुणाचा न्हाय," ती बाई म्हणाली. "चुकून लागला."

फोन बंद झाला.

अंबिका सांगते, तिला रत्नमालाचा आवाज कसा होता ते माहीत नाही. तिनं कधी ऐकलाच नव्हता. पण तो हसण्याच्या बेतातला आवाज होता. आणि बिभीषणनं ज्या सुरात हाक मारली, त्या सुरात त्यानं अंबिकाला चार वर्षांत कधी हाक मारली नव्हती. ती त्या बाईला घाबरली की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. त्या सुराचा मात्र तिला इतका हेवा वाटला, की तिनं फोन भिंतीवर फेकून मारला.

नंतर तो नंबर लागलाच नाही.

पंधरा दिवसांनी बिभीषण परत आला.

अंगणात बॅग टाकली आणि आईच्या देखत अंबिकाचा हात धरला. असं त्यानं कधी केलं नव्हतं. चेहरा उजळलेला, दहा वर्षांनी लहान झालेला.

"तुला विमानतळावर सोडलं आन मला करमेचना," तो म्हणाला. "नीट पोचलीस ना? वाळलीस लई. काय गं आई, हिला खायला घालीत नाय का?"

म्हाळसाबाई चूल फुंकत राहिली.

जेवणानंतर त्यानं फोनमधले फोटो दाखवायला घेतले. नदी, होड्या, सोन्याचा मुलामा दिलेली देवळं, फळांचा बाजार. प्रत्येक फोटोत तो एकटा होता. पण मध्यभागी नव्हता. सगळीकडं एका बाजूला सरकून उभा, हात कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा वर धरलेला, आणि हाताखाली नुसती मोकळी जागा. मागचं पाणी दिसत होतं.

"हा बघ, ह्यात तू किती छान आलीस," बिभीषण म्हणाला.

अंबिकानं त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्या मोकळ्या जागेकडं तो ज्या नजरेनं बघत होता, ती नजर तिनं चार वर्षं मागितली होती.

"होडीत बसताना किती भ्यालीस! आठवतंय ना?"

आता बोलायलाच हवं होतं. मी आलेच नव्हते. मी इथं गोधडीखाली पडले होते. शब्द ओठांवर आले होते. चुलीपाशी म्हाळसाबाईची फुंकणी थांबली होती.

आणि अंबिकानं विचार केला. खरं सांगितलं, तर ते दहा दिवस कायमचे रत्नमालाचे होतील. मग हा माणूस जन्मभर ते उराशी धरून बसेल, आणि माझ्या वाट्याला काय?

"व्हय," ती म्हणाली. "आठवतंय की."

बिभीषणनं तिचा हात घट्ट दाबला.

याला आता काही वर्षं झाली. मधे पाऊस बरा झाला, टँकर कमी झाले, शेंद्र्याच्या बाजूनं रुंद रस्ते आणि दिव्यांचे खांब थेट गावापर्यंत आले. म्हाळसाबाई वारली. बिभीषण अंबिकाला फुलासारखं जपतो. नाव चुकत नाही. सगळ्या नात्यात त्यांच्या जोडीचं कौतुक आहे. तिला हवं होतं ते सगळं मिळालं, असं कुणीही म्हणेल.

मधूनमधून तो बँकॉकच्या आठवणी काढतो. अंबिका आता तरबेज झालीय. आधी त्याला बोलू देते, मग "व्हय" म्हणते. फळवाल्या बाईची गंमत? व्हय. पावसात भिजलो ते? व्हय. होडीवाल्यानं फूल दिलं ते? व्हय की.

पण एक गोष्ट तो अर्धीच बोलतो.

जेवता जेवता, नाहीतर दाराला कुलूप लावताना, मधेच थांबतो आणि तिच्याकडं टक लावून बघतो. "शेवटच्या दिवशी तू मला वचन दिलंस, ते ध्यानात हाय ना?"

पहिल्या वेळी ती "व्हय" म्हणून बसली. दुसरं काय म्हणणार होती? आता विचारता येत नाही. कुणी दिलं, कसलं दिलं, कधी पुरं करायचं, काहीच तिला माहीत नाही. जे काही आहे, ते तिच्या नावावर दिलं गेलंय.

मागच्या दिवाळीला मी त्यांच्याकडं होते. फराळ चालला होता. बिभीषण मधेच हसला. तिच्या कानाशी झुकून म्हणाला, पण मला ऐकू आलं...

"आता जवळ आलं, नाय का?"

"व्हय," अंबिका म्हणाली.

तो हात धुवायला गेल्यावर मी तिला विचारलं, "काय गं जवळ आलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला कळलं," ती म्हणाली, "तर मलाबी सांग."